साहसवित्त : तेजी-मंदीचे धडे आणि पुण्याचा अनुभव

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वाटेत तळेगाव दाभाडे लागते. या गावी १९०८ साली पैसा फंडाच्या काच कारखान्याचा प्रारंभ झाला. अंताजी दामोदर काळे यांनी पुरस्कारलेली पैसा फंडाची कल्पना अत्यंत साधी होती. प्रत्येक देशबांधवाने एकेक पैसा द्यावा आणि अशा रीतीने जमलेल्या निधीतून स्वदेशी उद्योगांस चालना द्यावी, ही ती कल्पना होय. लोकमान्य टिळकांचे पाठबळ तिला लाभले. काचनिर्मितीचे आधुनिक तंत्र येथील कारागिरांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. म्हणून कारखाना आणि कारागिरांचे शिक्षण ही दोन्ही कामे तेथे एकत्रच चालली. ज्याने पैसा दिला त्याने तो परत मिळण्याची आशा धरलेली नव्हती.

त्या काळी जो प्रश्न पैसा फंडापुढे होता, तोच आजही प्रत्येक नव्या उद्योगापुढे उभा असतो. जे पूर्वी कोणी केले नाही, जे यशस्वी होईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, त्यासाठी पहिली रक्कम कोणी द्यावयाची? गेल्या अर्धशतकात संगणक व विद्युदाणू तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात या प्रश्नाचे एक उत्तर रूढ झाले. त्यास साहसवित्त असे म्हणतात. पुणे शहरातील अनेक संगणक उद्योगांच्या वाढीत या वित्ताचा वाटा आहे. आज खेड्यापाड्यांतील शाळा-महाविद्यालयांतून ‘स्टार्टअप’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. अशा वेळी साहसवित्त म्हणजे काय, त्याची बलस्थाने कोणती आणि त्यातील धोके कोणते, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

कर्ज आणि भागीदारी

बँक जेव्हा कर्ज देते तेव्हा तिला दोन गोष्टी हव्या असतात : ठरलेल्या मुदतीत व्याजासह परतफेड आणि तशी ती न झाल्यास तारण. बँकेकडील पैसा ठेवीदारांचा असल्याने ही दक्षता योग्यच होय. शंभर रुपयांच्या कर्जावर बँकेच्या पदरी व्याजाचे काही रुपयेच पडतात. मात्र कर्ज बुडाले तर सगळे शंभर रुपये जातात. म्हणून शंभरांपैकी पाच-सात कर्जे जरी बुडाली तरी बँकेपुढे संकट उभे राहते. ज्याच्याजवळ जमीन, इमारत वा यंत्रसामग्री नाही, केवळ एखादी कल्पना व ती सिद्धीस नेण्याचे कौशल्य आहे, अशा माणसास बँकेच्या नियमांत बसविणे या कारणाने कठीण जाते.

साहसवित्त देणारा गुंतवणूकदार कर्ज देत नाही. तो उद्योगाचे भाग विकत घेतो. एखाद्या नव्या कंपनीत त्याने १ कोटी रुपये घातले आणि त्याबदल्यात कंपनीचा २० टक्के हिस्सा घेतला, तर त्या घटकेस कंपनीचे मूल्य ५ कोटी रुपये धरले गेले असा त्याचा अर्थ होतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसाही बुडतो; संस्थापकाच्या घरादारावर त्याला हक्क सांगता येत नाही. कंपनी भरभराटीस आली तर तो आपला हिस्सा विकून नफा मिळवितो. तोपर्यंत त्याला सर्वसाधारणपणे पाच ते दहा वर्षे थांबावे लागते.

हा व्यवहार कसा परवडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० कोटी रुपयांचा एक निधी आहे आणि त्यातून २० उद्योगांत प्रत्येकी ५ कोटी रुपये गुंतविले आहेत, असे समजू. त्यांपैकी १० उद्योग पूर्णतः बुडाले. सहा उद्योगांतून केवळ मुद्दल म्हणजे ३० कोटी रुपये परत आले. तीन उद्योगांत रक्कम तिप्पट झाली, म्हणजे ४५ कोटी मिळाले. उरलेल्या एका उद्योगात रक्कम २५ पट झाली, म्हणजे १२५ कोटी मिळाले. एकूण २०० कोटी रुपये झाले. दहा वर्षांत रक्कम दुप्पट झाली, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ७ टक्के सुटले. आता तो एक उद्योग या हिशेबातून वगळून पाहावा. उरलेल्या १९ उद्योगांतील ९५ कोटींचे केवळ ७५ कोटी झालेले दिसतील. निम्मे उद्योग बुडूनही निधी तरला तो एकाच उद्योगाच्या बळावर. आणि तो एक उद्योग कोणता ठरेल हे आरंभी कोणासच सांगता येत नाही. या एका गोष्टीतून साहसवित्ताची सारी रीत निपजली आहे. एकाच ठिकाणी सर्व रक्कम न घालणे, अपयश गृहीत धरणे आणि दीर्घकाळ थांबणे ही त्या रीतीची अंगे होत.

पुण्यात जन्मलेला एक गुंतवणूकदार

या व्यवसायात जगभर ज्यांचे नाव घेतले जाते त्या विनोद खोसला यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला. वडील लष्करात अधिकारी होते. दिल्लीच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेतून १९७६ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही अशा कुटुंबांसाठी सोयाबीनचे दूध तयार करण्याचा उद्योग त्यांनी तरुणपणी भारतात करून पाहिला; तो यशस्वी झाला नाही. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९८२ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसमवेत सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी स्थापन केली. या कंपनीस क्लायनर पर्किन्स या साहसवित्त संस्थेचे पाठबळ मिळाले होते. १९८६ साली खोसला त्याच संस्थेत भागीदार झाले. भांडवल घेणारा उद्योजक अशा रीतीने भांडवल देणाऱ्यांच्या बाजूस गेला.

१९९५ नंतर इंटरनेटचा प्रसार वेगाने होऊ लागला. या जाळ्यातून माहिती वाहून नेणाऱ्या यंत्रणेची मागणी वाढेल हे ओळखून खोसला यांनी जुनिपर नेटवर्क्स व सेरेंट यांसारख्या कंपन्यांना आरंभीच्या काळात साहाय्य केले. जुनिपरचे भाग १९९९ साली बाजारात आले. त्याच वर्षी सिस्को या कंपनीने सुमारे ७०० कोटी डॉलर मूल्याचा व्यवहार करून सेरेंट विकत घेण्याचे जाहीर केले. काही दशलक्ष डॉलरांच्या गुंतवणुकीतून अब्जावधी डॉलर मिळाल्याची ही उदाहरणे पाहून सर्वत्र उत्साहाची लाट उसळली. ज्या कंपन्यांना नफा तर सोडाच, पुरेशी विक्रीही नव्हती अशांचे भागही चढ्या भावाने विकले जाऊ लागले.

मार्च २००० मध्ये ही लाट फुटली. तंत्रज्ञान कंपन्यांचे भाग जेथे प्रामुख्याने विकले जातात त्या अमेरिकेतील नॅस्डॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत घसरला. अडीच वर्षांत सुमारे ७८ टक्के मूल्य नाहीसे झाले आणि पूर्वीचा उच्चांक ओलांडण्यास २०१५ साल उजाडावे लागले. मात्र तेजीच्या काळात टाकल्या गेलेल्या तारा आणि उभारल्या गेलेल्या यंत्रणा नष्ट झाल्या नाहीत. त्यांच्या आधारावरच पुढील पिढीचे उद्योग उभे राहिले.

खोसला यांनी २००४ साली स्वतःची संस्था स्थापन केली आणि पर्यायी इंधन व स्वच्छ ऊर्जा यांकडे लक्ष वळविले. या क्षेत्रात त्यांना मोठे अपयशही पाहावे लागले. २०१९ साली त्यांच्या संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या ओपनएआय या त्या वेळी फारशा परिचित नसलेल्या संस्थेत ५ कोटी डॉलर गुंतविले. तीन वर्षांतच त्या क्षेत्रात नवी तेजी आली. सोयाबीनच्या दुधापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंतच्या या वाटचालीत यश आणि अपयश हातात हात घालून चाललेले दिसतात.

सार्वजनिक पैशाचा धडा

पर्यायी इंधनाच्या क्षेत्रातील एक प्रसंग शासकीय अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. लाकडाच्या तुकड्यांपासून इंधन तयार करणाऱ्या कायोर या कंपनीत खोसला यांची मोठी गुंतवणूक होती. आपल्या राज्यात कारखाना निघावा आणि रोजगार वाढावा या हेतूने अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने या कंपनीला ७.५ कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. २०११ साली कंपनीचे भाग बाजारात आले. प्रयोगशाळेत साधलेली प्रक्रिया मोठ्या कारखान्यात मात्र अपेक्षेप्रमाणे साधली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि राज्याच्या कर्जाचा बहुतांश भाग थकीत राहिला.

येथे दोन पक्षांचे नुकसान झाले, परंतु दोघांची स्थिती सारखी नव्हती. गुंतवणूकदाराचा पैसा अनेक उद्योगांत विभागलेला होता. एका ठिकाणची खोट दुसरीकडे भरून निघण्यास वाव होता. शिवाय कंपनी यशस्वी झाली असती तर नफ्यातील वाटाही त्यास मिळाला असता. राज्याने जोखीम भागीदाराची पत्करली आणि मोबदला मात्र कर्जदात्याचा, तोही बिनव्याजी, मान्य केला. एकाच उद्योगावर एवढा भार टाकल्याने ती खोट भरून काढण्यास दुसरा मार्ग उरला नाही. नव्या उद्योगांना साहाय्य देताना शासनाने वा स्थानिक संस्थेने कोणती जोखीम कोणत्या स्वरूपात घ्यावी, याचा विचार किती काटेकोरपणे करावा लागतो हे यावरून ध्यानी येईल.

भारतातील पायाभरणी

भारतात या विषयाचा विचार बराच आधी सुरू झाला होता. लहान व मध्यम उद्योजकांच्या विकासासाठी नेमलेल्या भट्ट समितीने १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत साहसवित्ताची गरज दाखवून दिली. १९७५ साली भारतीय औद्योगिक वित्त महामंडळाने नव्या उद्योजकांना आरंभीचे भांडवल देण्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. १९८८ साली केंद्र शासनाने साहसवित्त संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून या कामासाठी कंपनीही स्थापन केली. १९९६ साली ‘सेबी’ने नियम केले आणि २०१२ साली त्यांची जागा अधिक व्यापक नियमांनी घेतली.

जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अनुषंगाने १०,००० कोटी रुपयांचा निधी भारतीय लघु उद्योग विकास बँकेमार्फत उभारण्याचे ठरले. या योजनेचे वैशिष्ट्य असे, की शासन स्वतः उद्योगांची निवड करीत नाही. सेबीकडे नोंदलेल्या निरनिराळ्या निधींना ही रक्कम दिली जाते आणि ते निधी आपल्या भांडवलाची भर घालून उद्योगांत गुंतवणूक करतात. जोखीम अनेक ठिकाणी वाटली जावी हे तत्त्व येथे स्वीकारलेले दिसते.

पुण्यातील दोन उदाहरणे

पुण्यात संगणक क्षेत्राची भूमी सार्वजनिक संस्थांनी तयार केली. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे पूर्वीपासून होत्याच. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच ‘सी-डॅक’ येथे सुरू झाले आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. संगणक आज्ञावलींच्या निर्यातीसाठी उपग्रहाद्वारे संदेशवहनाची सोय असणारी केंद्रे देशात ज्या पहिल्या काही शहरांत निघाली, त्यांतही पुण्याचा समावेश होता.

याच काळात, १९९० साली, अमेरिकेत संगणकशास्त्रातील पीएच.डी. घेऊन व तेथील नोकरी सोडून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली. २००० साली इंटेल या कंपनीच्या गुंतवणूक निधीने तीत भांडवल घातले. त्यानंतर लगेचच जागतिक मंदी आली. अमेरिकेतील ग्राहकांवर अवलंबून असणाऱ्या आज्ञावली व्यवसायाची ती कसोटीच होती. २००५ साली नॉरवेस्ट व गेब्रिअल या साहसवित्त संस्थांनी या कंपनीत गुंतवणूक केली. २००८ ची आर्थिक आपत्ती ओसरत असताना, २०१० साली, कंपनीचे भाग ३१० रुपये दराने जनतेस विक्रीस आले आणि विक्रीस ठेवलेल्या भागांच्या कित्येक पट भागांसाठी अर्ज आले. २०२२-२३ या वर्षात कंपनीची वार्षिक उलाढाल १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. स्थापनेपासून भागविक्रीपर्यंत वीस वर्षे लागली आणि या वीस वर्षांत दोन जागतिक मंद्या येऊन गेल्या, ही बाब नव्या उद्योजकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास व संजय काटकर या बंधूंचे आहे. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत झाले. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकून त्यांनी पुण्यात स्वतःचा दुरुस्ती व्यवसाय थाटला. धाकटे बंधू संजय यांनी संगणकाचे शिक्षण घेतले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वाढत असल्याचे दोघांच्या लक्षात आले. त्यावर संजय यांनी तयार केलेल्या उपायातून ‘क्विक हील’ ही विषाणूरोधक आज्ञावली १९९५ च्या सुमारास आकारास आली. सेक्वोया या साहसवित्त संस्थेने ६० कोटी रुपयांची गुंतवणूक केली ती २०१० साली. तोपर्यंतची पंधरा वर्षे हा व्यवसाय प्रामुख्याने ग्राहकांकडून येणाऱ्या पैशावर वाढत गेला होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये क्विक हीलचे भाग ३२१ रुपये दराने जनतेस देण्यात आले. बाजारात नोंदणी झाली त्या दिवशीच त्यांचा भाव या दराच्या खाली गेला. कंपनी चांगली, संस्थापक कष्टाळू, व्यवसाय नफ्यात. तरीही भाग घेणाऱ्यास त्या दिवशी तोटाच दिसला. भागांचा बाजारभाव आणि उद्योगाचे खरे बळ या दोन गोष्टी दररोज एकमेकींशी जुळतातच असे नाही. आपल्या सेवानिवृत्तीची रक्कम अशा भागांत घालण्यापूर्वी शिक्षक व कर्मचारी बंधुभगिनींनी हा अनुभव स्मरावा.

२०२१ साली भारतातील नव्या उद्योगांकडे भांडवलाचा मोठा ओघ आला. २०२२ पासून अमेरिकेत व्याजाचे दर वाढले आणि हा ओघ आटला. जे उद्योग केवळ पुढील गुंतवणुकीच्या भरवशावर खर्च करीत होते त्यांना नोकरकपात करावी लागली. भांडवलाचा हंगाम असा दूरदेशीच्या व्याजदरावर ठरतो, हे पुण्यातील तरुण उद्योजकांनी या वेळी प्रत्यक्ष अनुभवले.

ग्रामीण भागासाठी याचा अर्थ

साहसवित्त हे सर्व उद्योगांसाठी नाही. पिठाची गिरणी, तेलघाणा, दुग्धव्यवसाय, शिवणकाम वा वाहनदुरुस्ती हे उद्योग उपयुक्त व फायदेशीर असले तरी ते पंचवीस पट वाढण्यासारखे नसतात. म्हणून साहसवित्त त्यांच्याकडे वळत नाही. अशा उद्योगांसाठी जिल्हा उद्योग केंद्र, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, मुद्रा योजना व बँकांची पतहमी योजना हेच योग्य मार्ग होत. ज्या कल्पनेत नवे तंत्र आहे आणि जिचा विस्तार राज्यभर वा देशभर होऊ शकतो, तिच्यासाठी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ पासून कार्यरत असलेले व्हेंचर सेंटर यांसारखी संगोपन केंद्रे आणि महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी यांचे मार्गदर्शन घ्यावे. सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्या उद्योगांना आपले तंत्र शासकीय विभागांत प्रत्यक्ष वापरून दाखविण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत सुरू करण्यात आली. नव्या उद्योगाला पहिला ग्राहक मिळवून देणे हे साहाय्य भांडवलाइतकेच मोलाचे आहे.

पंचायत सदस्य व शिक्षक यांच्याकडे गावातील तरुण सल्ल्यासाठी येतात. त्यांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अनिश्चित प्रयोगासाठी वडिलार्जित जमीन गहाण टाकू नये. ज्या प्रयोगात दहापैकी पाच जण बुडतात, त्यासाठी एकाच कुटुंबाने आपली एकुलती एक मालमत्ता पणाला लावणे म्हणजे वर पाहिलेल्या हिशेबाच्या नेमके उलट वागणे होय. गुंतवणूकदार मिळाल्यास त्याच्याशी होणारा करार सनदी लेखापाल वा वकिलाकडून वाचून घ्यावा. किती हिस्सा जातो, निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहतो आणि पुढील गुंतवणुकीच्या वेळी आपला हिस्सा किती उरेल हे समजून घेतल्याशिवाय स्वाक्षरी करू नये.

दुसरी दक्षता फसवणुकीविषयी घ्यावयाची आहे. सेबीच्या नियमांनुसार अशा निधीत सामान्य गुंतवणूकदाराकडून सर्वसाधारणपणे १ कोटी रुपयांपेक्षा कमी रक्कम स्वीकारता येत नाही. मोठा तोटा सोसण्याची ऐपत असणाऱ्यांनीच या वाटेस जावे हा त्यामागील उद्देश आहे. म्हणून एखादा इसम गावात येऊन स्टार्टअपच्या नावाखाली दहा-वीस हजार रुपये मागू लागला व ठराविक परताव्याची हमी देऊ लागला, तर ते साहसवित्त नव्हे हे निश्चित समजावे. साहसवित्तात हमी नसते. अशा प्रकाराची खबर वेळीच पोलिसांना व तहसीलदारांना देणे हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य ठरते.

बुडालेला प्रत्येक उद्योग वाया जातोच असेही नाही. त्यात काम केलेली माणसे पुढील उद्योगात आपला अनुभव नेतात. ज्या गावात अपयशी प्रयोगानंतर तरुणाची हेटाळणी होते आणि ज्या घरात कर्जाचा डोंगर उभा राहतो, तेथे दुसरा प्रयत्न होत नाही. त्याचे घर व शेत सुरक्षित राहिले आणि शाळेने व गावाने त्याला पुन्हा उभे राहण्यास अवसर दिला, तर सोयाबीनच्या दुधात अपयश आलेला तरुण पुढे काय करू शकतो याचे उदाहरण समोर आहेच. तळेगावच्या कारखान्यासाठी ज्यांनी एकेक पैसा दिला त्यांनी परतफेडीचा हिशेब मांडला नव्हता. आजच्या काळात हिशेब मांडलाच पाहिजे. मात्र तो मांडताना प्रयोगाची जोखीम सोसू शकणाऱ्यांकडे राहील आणि शेतकऱ्याची जमीन तीपासून अलग राहील, याची काळजी घेणे हे स्थानिक नेतृत्वाचे काम आहे.